दूधगंगेच्या काठाचा ड्रोन सर्व्हे: दोन उड्डाणांत 30 सेंमी फरक

प्रश्न (निपाणी): पुरानंतर मळीवर (नदीकाठच्या गाळाच्या रानावर) किती गाळ बसला ते ड्रोनच्या दोन उड्डाणांतल्या उंचीची तुलना करून मोजतोय. न हललेल्या डांबरी रस्त्यावरही उंचीत 30 सेंमी फरक येतो. का?

उत्तर १: खुणा (जमिनीवर ठेवलेले, जागा-उंची नेमकी मोजलेले ठिपके) कमी पडल्या असणार. लांबट पट्ट्यात टोकांनाच खुणा ठेवल्या तर फोटोंवरून बनलेलं जमिनीचं मॉडेल मध्ये वाटीसारखं वाकतं. दोन्ही कडांना, मध्येही लावा; तीन खुणा प्रोसेसिंगबाहेर, फक्त तपासायला. आरटीके बेस (ड्रोनच्या जीपीएसला सेंमीपर्यंत दुरुस्ती देणारा, जमिनीवर उभा केलेला रिसीव्हर) दरवेळी त्याच पक्क्या दगडावर, तेच कोऑर्डिनेट देऊन. अँटेनाची उंची चुकली की सगळंच वर-खाली सरकतं!

उत्तर २: उभ्या उसात उडवू नका, शेंडेच मोजले जातात. तोडणीनंतर 60 मीटरवरून, फोटो एकमेकांवर पुढे-मागे 80, बाजूला 70 टक्के यावेत (ओव्हरलॅप). गढूळ पाण्याखालचं रोव्हरच्या (हातात फिरवायच्या जीपीएस रिसीव्हरच्या) काठीनेच, नदीला आडवे छेद घेऊन.

निपाणी: बेस दरवेळी वेगळ्या जागी होता. सापडलं.