भुतांची फौज: घाऊक रंगवावी की एकेक?

माळ्यावरचा मुंजा
मागच्या रविवारी परळला मित्राकडे टेबलावरची लढाई खेळायला जमलो होतो, म्हणजे बोटाएवढ्या प्लास्टिकच्या बाहुल्या आपण रंगवायच्या आणि फासे टाकून लढवायच्या. एक नवा मुलगा सांगाड्यांची फौज घेऊन आला. फौज म्हणजे एक रंगवलेला सांगाडा आणि एकोणचाळीस करड्या प्लास्टिकचे. तो एक मात्र बघत राहावा असा. ढालीवरचा गंज, दातांमधल्या फटी, सगळं. किती दिवस लागले विचारलं तर म्हणाला, "गणपतीत सुरू केला होता." आणि आम्ही बोलत होतो मे महिन्यात.

म्हणून हा धागा. माझं मत: अनडेड, म्हणजे मेलेल्यांची फौज घाऊकच रंगवावी. वेताळाची पालखी निघते तेव्हा कुणी एकेका भुताचं तोंड न्याहाळत नाही, मशालींची रांग बघून घाम फुटतो. टेबलावरही तीन हातांवरून रांगच दिसते.

पुठ्ठ्याच्या पट्टीवर दहा-दहा चिकटवा. गडद तपकिरी प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर), त्यावर खाकीचा दणकट ड्रायब्रश, मग पातळ तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाणीदार रंग, वाळल्यावर हस्तिदंती रंगाचा हलका ड्रायब्रश. ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि उंचवट्यांवरून फिरवायचा, एवढीच ती विद्या. सांगाडा म्हणजे नुसते उंचवटेच, बरगड्या आणि मणके! ढाली वेगळ्या रंगवून शेवटी चिकटवा. वीस जण दोन संध्याकाळी उरकतात. २०१९ साली वॉरहॅमर हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपने कॉन्ट्रास्ट रंग काढले, तेव्हापासून तर सबबच उरली नाही. फिकट प्रायमरवर एक हात मारला की रंग आपोआप खाचांत उतरतो.

खरेदीआधी फौजेत कोण कोण हवं ती यादी कागदावर मांडा आणि पहिला मांत्रिक घ्या. वॉरहॅमरच्या जुन्या नियमांपासून ही फौज त्याच्याच जिवावर उभी असते. तो पडला की बाकीचे ढासळू लागतात. हौस असेल तर महिनाभर त्याच्यावर बसा, माझी ना नाही.

पिंपळपान
घाऊकच रंगवायचं तर सोंगट्या घ्या ना, स्वस्त पडतील.

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर आमच्याकडे मातीचे मावळे असायचे. सगळे एकाच साच्यातले. तरी नाक उडालेला तो कायम बुरुजावरचा पहारेकरी, आणि पगडीचा रंग ओघळलेला तो हेर. तीन हातांवरून बघा असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही नाक जमिनीला लावून बघायचो.

आणि लालबागच्या कारखान्यात जाऊन बघा. अंगाचा रंग शंभर मूर्तींना एका दमात फवारतात, हे खरं. पण डोळ्यांच्या आखणीला जुना हात बसतो, आणि तो एकेका मूर्तीसमोर बसतो.

माळ्यावरचा मुंजा
अहो, सांगाड्याला डोळेच नसतात. आखणी कशाची करता?

पिंपळपान
खोबणी असते ना! काळ्या ठिपक्याने भागवणारे तुम्ही.

बरं, रंगाचंच बोलू. तुमच्या पट्टीवरचे दहाही जण एकाच डब्यात बुडवून काढल्यासारखे दिसणार. पुरलेलं हाड आजूबाजूच्या मातीचा रंग पितं. तांबड्या मातीतलं तांबूस तपकिरी होतं, दलदलीतलं काळपट. उघड्यावर उन्हात पडलेलं पांढरं फटक होतं. म्हणजे कोण पुरला गेला आणि कोण रणात तसाच राहिला, हे नुसत्या रंगावरून सांगता येतं. तुमचा खाकी डबा ही सगळी गोष्ट खाऊन टाकतो.

माळ्यावरचा मुंजा
हा मुद्दा चांगला आहे. पण त्याला तीन डबे लागतील, तीन वर्षं नाही.

ओली भिंत
दोघांनाही जुलैचा विसर पडलाय. दमटपणा ऐंशीच्या वर असताना गच्चीवर स्प्रे प्रायमर मारा, सांगाडे खरखरीत होऊन येतात, रव्यात घोळलेल्या सुरमईसारखे. मी एकदा तयार घोडदळावर मॅट वॉर्निश फवारलं. सकाळी सगळ्यांवर पांढरी साय. दोन महिन्यांची मेहनत होती. शेवटी ते भुतं म्हणून खेळवले आणि लोक विचारायला लागले, हा धुक्याचा परिणाम कसा साधला!

तेव्हापासून सगळी फौज मे संपायच्या आत प्रायमर करून टाकतो. राहिलेच तर ब्रशने लावायचा प्रायमर, खोलीत, पंख्याखाली. घाऊक की एकेक ते तुमचं तुम्ही बघा, हवामान खात्याला विचारून.

सव्वानऊची लोकल
वन बीएचके, दोन मुलं, टेबल एकच आणि त्यावर जेवण. मी किंग्ज ऑफ वॉर हा असाच दुसरा खेळ खेळतो. त्यात वीस सांगाड्यांची रेजिमेंट, म्हणजे तुकडी, ही १०० बाय ८० मिलिमीटरची जागा, आणि गेली तर सगळी एकदम उचलायची. म्हणून एकाच तुकड्यावर कायमची चिकटवली. एक मोडकं थडगं, एक वठलेलं झाड, दोन अर्धवट वर आलेले हात. सांगाडे कमी लागले आणि देखावा झाला. तुमच्या दोघांच्या भांडणातून सुटलो.

माळ्यावरचा मुंजा
पण मजा गेली की! २०२४ साली वॉरहॅमरचा ओल्ड वर्ल्ड हा खेळ आला तो टूम्ब किंग्जना, म्हणजे इजिप्तच्या धर्तीवरच्या मेलेल्या राजांच्या फौजेला घेऊनच. त्यात मेलेले एकेक करून उचलायचे आणि मंत्र चालला की परत रांगेत उभे करायचे. समोरच्याने घाम गाळून मारलेले पाच सांगाडे त्याच्या डोळ्यांदेखत परत ठेवताना त्याचं तोंड बघितलंय का कधी? त्यासाठीच तर ही फौज घ्यायची. चिकटवलेल्या रेजिमेंटच्या शेजारी फासा ठेवून त्यावर जखमा मोजत बसा.

सव्वानऊची लोकल
मोजतो. फासा लोकलमध्ये हरवत नाही, सांगाड्याचा भाला मोडतो.

आरवलीचा पाहुणा
इजिप्तचे राजे आणि युरोपातले व्हॅम्पायर किती दिवस रंगवणार? आपल्याकडे खवीस, हडळ, झोटिंग, देवचार अशी अख्खी पलटण तयार आहे. वेतोबाला सेनापती करा.

पिंपळपान
बाकीचे घ्या, वेतोबाला नाही. आरवलीला लोक त्याला हातभर चपला वाहतात, रात्री गावाची राखण करायला फिरतो म्हणून. तो ग्रामदेवता आहे. फाशावर एक पडला म्हणून त्याला टेबलावरून उचलायचं? माझ्या आजीने मला घराबाहेर काढलं असतं.

आरवलीचा पाहुणा
मान्य, तेवढं मागे घेतो. बेस, म्हणजे सांगाड्यांच्या पायाखालच्या बैठका, तरी जांभ्याचे करा. विटेची भुकटी चाळून पातळ फेव्हिकॉलवर टाकली की झाला कोकण. पांढुरक्या हाडांखाली ती लाल जमीन इतकी उठते की निम्मं काम बेसच करतो.

ओली भिंत
भुकटी आधी उन्हात वाळवा. नाहीतर बुरशी. विचारू नका कसं माहीत.

एक सांगाडा
नमस्कार. तो परळचा मुलगा मीच. आधी सांगतो, मला खेळायचं नव्हतंच, मित्राने ओढून नेलं. मला रंगवायला आवडतं. त्या सांगाड्याच्या ढालीवर मी अकरा वेळा गंज चढवला आणि दहा वेळा पुसला. नऊ महिने त्यातच गेले.

माळ्यावरचा मुंजा
अरे, मग चाळीस कशाला घेतलेस?

एक सांगाडा
घेतले नाहीत. एका दादाचं लग्न ठरलं, त्याने सगळा डबाच देऊन टाकला. त्याच्याकडेही आठ वर्षं करडेच होते.