अ‍ॅपलेशियन ट्रेल: मार्चच्या पावसात-थंडीत सुरुवात, घरच्यांनी गाडीने साथ कशी द्यावी?

आई_अल्फारेटा
मुलगी (वय 24) येत्या मंगळवारी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातून ही लांब डोंगरी पायवाट सुरू करतेय. पहिले आठ-दहा दिवस आम्ही दोघं गाडी घेऊन आसपास असू. अ‍ॅटलांटाचा फोरकास्ट असा: मंगळवारी दिवसभर पाऊस, तापमान 42 फॅरनहाइट, रात्री वारा सुटून बुधवारी कडक थंडी. पायथ्याच्या अमिकलोला पार्कच्या दगडी कमानीपासून निघावं की वरच्या फॉरेस्ट रोड 42 वरून? आम्ही भेटायचं कुठे? आणि जड सामान गाडीत ठेवून ती हलक्या सॅकने चालली तर?

डोंगरवाटा
ताई, आधी फोरकास्ट बदला. अ‍ॅटलांटा हजार-एक फुटांवर, ट्रेल जिथे सुरू होते ते स्प्रिंगर माउंटन 3,782 फुटांवर. ओल्या हवेत हजार फुटांमागे तीन-साडेतीन अंश उतरतात. तुमच्याकडे 42 म्हणजे वर 32-33. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या नकाशावर थेट डोंगरावर क्लिक करा, तिथल्या उंचीचा अंदाज मिळतो.

नुसता पाऊस किंवा नुसती थंडी झेपते. तुमच्याकडे दोन्ही ओळीने येतायत, आणि हाच क्रम वाईट. आधी माणूस भिजतो, मग वायव्येचा कोरडा वारा त्याच ओल्या कपड्यांवर येतो. रेनकोट कितीही महाग असला तरी चढावर घामाने आतून ओलं होतंच. म्हणून मंगळवार सोडा, बुधवारी सकाळी निघा. साडेतीन हजार किलोमीटरच्या वाटेवर एक दिवस म्हणजे काहीच नाही.

अमिकलोलाहून स्प्रिंगरला नेणारी जोडवाट साडेआठ मैलांच्या आसपास आहे, सुरुवातीलाच धबधब्याशेजारी 604 पायऱ्या. ती अधिकृत ट्रेलमध्ये मोजत नाहीत, त्यामुळे गाळली तरी हिशोबात खोट येत नाही. पण रस्ता तिथपर्यंत डांबरी आहे. फॉरेस्ट रोड 42 कच्चा आहे. त्याच्या पार्किंगपासून स्प्रिंगरचं शिखर मैलभर मागे: वर जायचं, त्याच वाटेने परत यायचं आणि पुढे निघायचं. बुधवारी पहाटे ओला रस्ता गोठला तर साधी कार तिथे नेऊ नका, अमिकलोलाच बरं.

खिंडीतला_वारा
भेटण्याच्या जागा डांबरी रस्त्यावरच्याच धरा. हायटॉवर, कूपर आणि गूच या तिन्ही गॅपना (म्हणजे खिंडींना) कच्चे रस्ते आहेत, नकाशावर जवळ दिसतात म्हणून फसू नका. स्प्रिंगरपासून मोजलं तर:
वुडी गॅप – 20.7 मैल
नील गॅप – 31 मैलांच्या पुढे
युनिकॉय गॅप – 52 मैल
डिक्स क्रीक गॅप – 69 मैल
मधल्या हॉगपेन गॅपचा रस्ता (348) बर्फात बंद करतात, त्यावर भरवसा नको.

पहिले मुक्काम हॉक माउंटन (8 मैल) आणि गूच माउंटन (16 मैलांच्या आत), तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वुडी गॅप. अमिकलोलाहून निघाली तर एक मुक्काम वाढेल. निवारे तीन भिंतींचे, आणि मार्चमध्ये भरलेले असतात, त्यामुळे तंबू हवाच. तो खिंडीत लावू नये, वारा तिथूनच घुसतो. वर वाळकी फांदी नाही ना, हेही बघावं.

आता हलक्या सॅकचं. वुडी गॅपपर्यंत अजिबात नको. गाडी जवळ आहे हा भासच घात करतो: ती दोन खिंडींच्या मध्ये भिजलेली असते आणि कोरडे कपडे तुमच्या डिकीत. वुडी ते नील मात्र साडेदहा मैल, एका दिवसात होतात आणि दोन्ही टोकांना तुम्ही. यात आणखी एक फायदा आहे. जॅरार्ड गॅप ते नील गॅपच्या पट्ट्यात 1 मार्च ते 1 जून मुक्काम करायचा तर अस्वलापासून अन्न राखणारा कडक डबा सक्तीचा आहे. मुक्कामच नाही, तर त्या किलोभर डब्याची गरज नाही. त्या दिवशी तंबू गाडीत राहिला तरी चालेल, स्लीपिंग बॅग नाही. पफी (फुगीर उबदार जॅकेट), कोरडे मोजे-हातमोजे, हेडलॅम्प, आपत्कालीन पिशवी (आत शिरून ऊब धरायची) आणि दीड दिवसाचं खाणं सॅकमध्ये. मध्ये ब्लड माउंटन आहे, साडेचार हजार फुटांच्या जरा खाली. उतारावरचे उघडे कातळ बर्फाने काचेसारखे होतात. विजा चमकत असतील तर बर्ड गॅपहून फ्रीमन ट्रेलने शिखराला वळसा घालता येतो.

आई_अल्फारेटा
बुधवार ठरला. गाडीत काय ठेवू? आणि ती वेळेवर आली नाही तर काळजी कधीपासून करायची?

डोंगरवाटा
गाडीत: कपड्यांचा पूर्ण कोरडा जोड, दोन मोठे टॉवेल, जाड पॉलिथीनच्या पिशव्या (सॅकच्या आतून लावायला, वरचं रेनकव्हर पाठीकडून पाणी आत सोडतं), थर्मासमध्ये गरम गोड चहा. जेवणाला वरणभात-तूप उत्तम. तिच्या सॅकमध्ये फोडणी दिलेले कोरडे पोहे आणि उपम्याचं मिश्रण द्या, उकळतं पाणी ओतून झाकलं की झालं. तूप वेगळ्या घट्ट बाटलीत, ग्रॅमला नऊ कॅलरी देणारं दुसरं काय आहे!

रात्री पाण्याचा फिल्टर आणि गॅसचा डबा स्लीपिंग बॅगमध्ये. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतून फाटतो, बाहेरून कळत नाही, मग फेकायचाच. साधा ब्युटेन 31 फॅरनहाइटच्या खाली वायूच होत नाही. आयसोब्युटेनचा डबा घ्या.

भेटल्यावर 'कशी आहेस' विचारू नका, 'बरी आहे' हेच उत्तर येणार. जॅकेटची चेन लावायला सांगा. बोटं जमवत नसतील किंवा बोलणं अडखळत असेल, तर ओले कपडे काढून हीटर, चहा आणि त्या दिवशीची चाल बंद.

खिंडीतला_वारा
फोनच्या सिग्नलवर विसंबू नका, सॅटेलाइट मेसेंजर घ्या. सकाळी निघताना एक, मुक्कामी एक निरोप. रात्रीचा चुकला तर सकाळची वाट बघा, झाडीत उपकरण अडतं. भेटीची वेळ उलटून तीन तास झाले आणि निरोप नाही, तर 911. त्याआधी कागदावर लिहून ठेवा: जॅकेटचा आणि तंबूचा रंग, शेवटच्या निरोपाची जागा, पुढचा मुक्काम. आणि ठरलेल्या खिंडीतून दोघांनी मिळून शोधायला निघू नका. नेमकी तेवढ्यात ती पोचते आणि पार्किंग रिकामं असतं.