नाशिकचा फ्लॅट विकून अलिबागला घर घ्यावे का?

गोदाकाठचा

सातपूरच्या एका कारखान्यातून मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. गंगापूर रोडवर आमचा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे. तो विकून अलिबागकडे समुद्राजवळ कायमचे राहायला जावे, असे सौभाग्यवतींच्या आणि माझ्या मनात गेली चार-पाच वर्षे घोळत आहे. मार्चमध्ये आठवडाभर तिकडे राहून आम्ही तीन जागा पाहिल्या. पहिली किहीमला, वाळूपासून दीड-दोनशे पावलांवर असलेले जुने कौलारू घर. ते पाडून नवे बांधता येईल, असे दलालाचे म्हणणे आहे. दुसरा मांडव्याच्या बाजूला, कुंपणाच्या वसाहतीतील तयार बंगला. तिसरी चौलला, नारळी-पोफळीची छोटी वाडी आणि तिच्यात एक पडके घर. किहीमच्या घराची जी किंमत सांगितली, तीत आमच्या भागात दोन चांगले फ्लॅट येतील, म्हणून मन कचरते आहे. वाडी शेतजमीन आहे, आणि मी शेतकरी नाही. मात्र सौभाग्यवतींच्या नावावर दिंडोरीला माहेरची दीड एकर द्राक्षबाग आहे. तिकडे घर घेतलेल्या किंवा तिकडच्याच रहिवाशांनी कृपया स्पष्ट मत द्यावे.

महात्मानगर

मी २०१४ साली सासवण्याजवळ घर घेतले आणि आजही माझा पत्ता नाशिकचाच आहे, त्यावरून काय समजायचे ते समजा. हे विनोदाने म्हणतो आहे, कारण घर मला मनापासून आवडते. पण आपण ज्या दराने बुचकळ्यात पडला आहात, तो दर कशाचा आहे हे मला फार उशिरा कळले. गेटवेहून लाँचने किंवा भाऊच्या धक्क्याहून २०२० साली सुरू झालेल्या रो-रो बोटीने मुंबईकर साधारण तासाभरात मांडव्याला उतरतो. जेट्टीपासून जितके जवळ तितकी जमीन महाग, आणि ही महागाई समुद्राची नसून त्या तासाभराची आहे. आपण नाशिकहून भिवंडी, पनवेल, पेण, वडखळ करत गाडीनेच येणार. मुंबईत शिरून बोट पकडण्यात आपला वेळ वाचत नाही. म्हणजे जी सोय आपण वर्षातून दोनदा वापरू, तिची पूर्ण किंमत आपण मोजायची. त्याऐवजी अलिबाग गावाच्या दक्षिणेला नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात पाहावे. तोच समुद्र आहे, वाड्यांची सावली अधिक आहे आणि बाराही महिने राहणारी माणसे शेजारी मिळतात. माझ्या शेजारचे दोन बंगले सोमवार ते गुरुवार कुलूपबंद असतात आणि शुक्रवारी रात्रीपासून भाड्याने आलेल्या मंडळींच्या ध्वनिक्षेपकांनी दणाणतात. शुक्रवारी संध्याकाळी वडखळ ते कार्लेखिंड हा रस्ता टाळणे तेवढे आपल्या हातात आहे.

खारेपाट

मी अलिबाग तालुक्यातला आहे आणि जमिनीच्या कागदांचेच काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

किहीमच्या घराबद्दल आधी. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांत गावांकडच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र धरले जाते. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक लोकसंख्या असेल तेथे, ते ५० मीटरवर आणले. तेही किनारा व्यवस्थापन आराखड्यात त्या गावाची तशी नोंद असेल तरच. ना-विकास क्षेत्रात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पूर्वीच्याच जोत्यावर, पूर्वीइतक्याच क्षेत्राची पुनर्बांधणी होऊ शकते. ‘पाडून नवे बांधू’ या दलालाच्या वाक्यात मजला आणि पोहण्याचा तलाव गृहीत असेल, तर त्याला नमस्कार करून बाहेर पडावे. मार्च २०१९ मध्ये याच किहीमला एका फरार हिरे व्यापाऱ्याचा आलिशान बंगला प्रशासनाने सुरुंग लावून पाडला, हे आपण दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. अंतर पावलांनी मोजू नये. भरतीरेषा सर्व्हे नंबरसह दाखवणारा अधिकृत संस्थेचा नकाशा विक्रेत्याकडून मागून घ्यावा. खाडीकाठच्या जमिनींनाही हे निर्बंध असतात आणि रेवदंड्याच्या बाजूला हे हमखास विसरले जाते.

आता वाडीबद्दल. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, पण सौभाग्यवती स्वतः शेतजमिनीच्या खातेदार आहेत, तेव्हा खरेदी त्यांच्या नावे होऊ शकते. दिंडोरीचा सातबारा आणि आठ-अ (खाते उतारा) सोबत लागेल. खरी अडचण वेगळीच निघू शकते. आमच्या तालुक्यातल्या चरी गावाच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सलग सहा वर्षे जमीन कसली नाही, आणि पुढे कुळांना हक्क मिळाले त्यामागे त्या संपाचा मोठा वाटा आहे. त्यामुळे इथल्या असंख्य सातबाऱ्यांवर जुन्या कुळाची नोंद किंवा कलम ४३ चा शेरा दिसतो. असा शेरा असलेल्या जमिनीची विक्री अटींना व नजराण्याला (सरकारला भरायच्या रकमेला) बांधलेली असते आणि ते न पाहता झालेला व्यवहार अवैध ठरू शकतो. शिवाय वाडीला वारस फार. विकणारा एक भाऊ गावात, उरलेले गिरगावात आणि बहिणींची नावे फेरफारात (मालकीबदलाच्या नोंदीत) चढवलेलीच नाहीत, असे प्रकरण माझ्याकडे दर महिन्याला येते. तीस वर्षांचा शोध अहवाल, सगळे फेरफार, सरकारी मोजणी आणि वाडीपर्यंतच्या रस्त्याचा लेखी हक्क, एवढे हातात आल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नये. गल्लीतून बैलगाडी जात होती म्हणून आपली मोटार जाईलच, असे नाही.

आणखी एक गोष्ट: विहिरीचे पाणी मे महिन्याच्या शेवटी चाखावे. मार्चमध्ये गोड असलेली विहीर पाऊस लांबला की मचूळ होते.

जांभा

व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे. नाशिक आणि रायगड, दोन्हीकडे कामे केली आहेत. नाशिकला आपण काळ्या मातीला घाबरतो, तिथे खाऱ्या हवेला घाबरावे. किनाऱ्यावरचे काँक्रीट आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे ‘तीव्र’ परिस्थितीत मोडते: किमान एम ३० प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण. तयार बंगला पाहताना स्लॅबच्या खालच्या बाजूला, विशेषतः गॅलरीच्या कडेला तांबूस डाग किंवा फुगलेला गिलावा दिसला, तर आतली सळई गंजते आहे असे समजावे. रंग कितीही नवा असो. पाऊस नाशिकच्या जवळपास तिप्पट आहे, तोही वाऱ्यासह आडवा येतो. उतरते कौलारू छप्पर आणि रुंद पडव्या ही तिथे हौस नव्हे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळच किनाऱ्यावर आले, तेव्हा पत्रे उडाले, वाड्या आडव्या झाल्या आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. विमा घेताना वादळ आणि पूर स्पष्ट लिहून घ्यावेत.

गोदाकाठचा

सर्वांचे आभार. किहीमचा विषय आम्ही आज संध्याकाळी बंद केला. एक शंका राहिली आहे: सौभाग्यवतींना रक्तदाबाचा त्रास आहे, त्या दृष्टीने तिकडे वैद्यकीय सोय कशी आहे? आणि फ्लॅट आधी विकावा की नंतर?

महात्मानगर

अलिबाग गावात जिल्हा रुग्णालय आणि खासगी दवाखाने आहेत. नेहमीच्या तपासण्या तिथे होतात. हृदयाचे किंवा मेंदूचे काही निघाले तर मात्र पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते, आणि पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, रो-रोसुद्धा हवामान बिघडले की थांबते. म्हणून माझे मत असे की फ्लॅट आत्ता विकू नये. भाड्याने द्यावा आणि त्या भाड्यात जून ते सप्टेंबर नागाव किंवा चौलला घर घेऊन राहावे. सगळे लोक डिसेंबरात घर पाहतात. आपण जुलैत पाहा. कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसते. हे पाहूनही सौभाग्यवतींना तिथेच राहावेसे वाटले तर ऑक्टोबरात फ्लॅट विकायला काढावा. घर विकून आलेल्या भांडवली नफ्यावरचा कर वाचवायचा असेल, तर तयार घर घ्यायला दोन वर्षे आणि बांधायला तीन वर्षे मिळतात, त्यामुळे घाई नाही. फक्त पडके घर असलेली वाडी या सवलतीत बसते का, हे सनदी लेखापालांना आधी विचारून घ्यावे.

खारेपाट

चौलच्या वाडीचा गट क्रमांक कळवलात, तर सातबारा आणि फेरफार ऑनलाइन पाहून शेरा आहे की नाही तेवढे सांगू शकेन. मात्र क्रमांक इथे जाहीर लिहू नये, खासगी संदेशात पाठवावा. दलालही हे वाचत असतात.