रक्ताचं नातं, मंडळीतलं नातं: तुमचे अनुभव

काल आईचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, नव्याने बांधायला द्यायचं म्हणून उघडलं. शेवटच्या कोऱ्या पानावर वाढदिवसांची यादी. आम्हा तिघा भावंडांची नावं आणि मधेमधे मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, चौघांची, तारखेच्या क्रमाने, एकाच शाईत. त्यातल्या एक मावशी. त्या आईच्या सख्ख्या बहीण नाहीत हे मला दहाव्या वर्षी कळलं तेव्हा मी रडले होते. आईच्या आजारपणात रात्री उशाशी त्याच बसायच्या. मामा फोनवर चौकशी करून मोकळा. तुमच्याकडे असं कोण आहे?

वाटसरू: बायबलमधलं प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र, १६वा अध्याय. नावांची जंत्री म्हणून आपण पुढे सरकतो. त्यात पौल रूफाच्या आईला 'माझीही आई' म्हणतो. तिने काय केलं त्याच्यासाठी, एक अक्षर नाही. जेवू घातलं असणार, मला तरी वाटतं.

पायरीवरची: बाप्तिस्मा घेतला आणि घरच्यांनी ४ वर्षं बोलणं टाकलं. जो तो मार्कच्या शुभवर्तमानातलं १०:३० ऐकवायचा, येशूसाठी घरदार सोडणाऱ्याला शंभरपट भाऊ, बहिणी, आया मिळतील म्हणून. त्याच वचनातला छळ मात्र गिळायचे. आणि नीट बघा, २९ मध्ये सोडलेल्यांत बाप आहे, ३० मध्ये मिळणाऱ्यांत नाही. लग्नात पाळकांनी मला हात धरून नेलं. तरी मी दाराकडेच बघत होते.

निळी छत्री: अगं 🫂 नंतर आले का बाबा?

पायरीवरची: मुलगी झाल्यावर. बोलले काहीच नाहीत, तिला मांडीवर घेऊन बसले. दूध उतू जातंय, येते.

गप्प बसा: आमची उलटी गत. वडील मंडळीत सगळ्यांचे 'दादा'. कुणाचं सामान हलवायचंय, कुणाला दवाखान्यात न्यायचंय, दादा हजर. माझ्या बक्षीस समारंभाला एकदाही नाही. विचारलं की येशूचं 'कोण माझी आई, कोण माझे भाऊ' तोंडावर. त्याच मार्कात ७व्या अध्यायात 'कुर्बान', म्हणजे हे देवाला वाहिलंय, असं म्हणून आईबापांना टाळणाऱ्यांना येशू झापतो, ते वाचायला कुणाला सवड नव्हती.

वाटसरू: वधस्तंभावरूनही आईची सोय लावली की त्याने, शिष्याच्या घरी. तेही सख्खे भाऊ असताना!

मेणबत्ती: सख्खे? आम्हा कॅथलिकांना विचारा आधी, मरीयेला दुसरी मुलं नव्हतीच म्हणतो आम्ही 😄

वाटसरू: चुकलो बाई. त्यासाठी वेगळा धागा काढा.

तिसरा बाक: आमच्याकडे दोन 'प्रभूमधले बंधू' पंख्याच्या बटणावरून सहा महिने अबोला धरून आहेत. अगदी सख्खे वाटतात 😂

निळी छत्री: विषय सोडून विचारते. बांधणी टिकते का? माझ्या बायबलातलं पहिलंच पुस्तक, उत्पत्ती, पूर्ण सुटून आलंय.

धागाकर्ती: नुसत्या गोंदावर भागवू नका, दोऱ्याने शिवून घ्या. यादीचं पान बांधणारा कापून टाकणार होता, मी वेळेवर ओरडले.

पायरीवरची: आले परत. त्या मावशी आहेत ना अजून?

धागाकर्ती: आहेत. ९ तारखेला वाढदिवस. आई गेल्यापासून दोनदा विसरलेय मी. आता फोन लावते.