शब्दचर्चा: शिवणकामातली ‘माया’ म्हणजे नेमकं किती कापड?

सुईदोरा (देवगड)

नमस्कार मंडळी. मी घरी जुन्या धाटणीचे फ्रॉक शिवते, मुलींचे आणि बायकांचेही. जुनी धाटणी म्हणजे १९५०च्या आसपासची: वरचा भाग अंगाबेताचा, कमरेला शिवण, खाली भरपूर घेर, फुग्याची बाही, गोल बेबी कॉलर. वाडीतल्या चौघीजणी शिकायला येतात. त्यांच्यासाठी विलायती पॅटर्नवरच्या सूचना मराठीत उतरवायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले.

त्या पॅटर्नमध्ये प्रत्येक तुकड्याच्या कडेला शिवणीसाठी दीड सेंटिमीटर कापड धरलेलं असतं. मी तिथे सरळ ‘माया’ लिहिलं. वाचून एक मुलगी म्हणाली, “काकू, एवढीशीच माया?” तिचं बरोबर वाटलं. माझी आई “माया ठेव गो” म्हणायची तेव्हा ती दोन बोटं दाखवायची. मग या दीड सेंटिमीटरला काय म्हणायचं?

कातर (सावंतवाडी)

ताई, तिथे ‘माया’ चालणार नाही. मी शिंपी. मशीनवर चाळीस वर्षं काढली, आता डोळ्यांमुळे थांबलोय. आम्ही दोन गोष्टी वेगळ्या मोजतो. टीप मारायला जेवढं कापड लागतंच, ती ‘शिलाई’. ती नसेल तर शिवण धरणारच नाही. आणि शिलाईच्या पलीकडे, पुढेमागे कपडा मोठा करता यावा म्हणून मुद्दाम आत ठेवलेलं कापड, ती ‘माया’. वहीत आम्ही असं लिहायचो, सगळं इंचांत: छाती ३४, तयार ३६, शिलाई अर्धा, माया दीड. तुमच्या पॅटर्नमधले दीड सेंटिमीटर ही नुसती शिलाई आहे. त्यात माया शून्य.

माया कुठे ठेवायची हेही ठरलेलं असतं. बगलेच्या शिवणीला, पाठीच्या मधल्या शिवणीला, बाहीच्या खालच्या शिवणीला. गळ्याला आणि मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात त्या वळणाला, ठेवत नाहीत. तिथली कड वळणाची असते. आत जास्त कापड राहिलं तर ते ओढ घेतं आणि वळण बसत नाही. उलट तिथे शिलाईसुद्धा बारीक करून कातरीने चिरा द्याव्या लागतात.

आणखी एक. बाही आधी मुंढ्याला जोडा, मग बाहीची खालची शिवण आणि बगल एकाच ओळीत टीप मारून खाली आणा. पुढे माया काढायची वेळ आली की ती एकच ओळ उसवायची, बाही मुंढ्यापासून सोडवावी लागत नाही. बायकांच्या फ्रॉकला हे फार उपयोगी. बाळंतपणानंतर माप बदलतं, आणि बाई तोच कपडा घेऊन येते. ती आली की आतली माया बघून मला दर वेळी बरं वाटायचं, कारण ती मीच ठेवलेली असायची.

वलण (गुहागर)

काकांनी ‘माया काढणे’ लिहिलंय ते नेमकं आहे. आमच्याकडे ‘माया सोडणे’ असंही म्हणतात आणि तिथे घोटाळा होतो. बेतताना “दीड इंच माया सोड” म्हणजे ठेव. आणि नंतर “पोलकं घट्ट झालं, माया सोड” म्हणजे उसवून मोकळी कर. दोन्ही वाक्यं एकाच घरात, एकाच बाईच्या तोंडून ऐकली आहेत. शिकवताना ‘ठेवणे’ आणि ‘काढणे’ एवढंच ठेवलंत तर मुलींचा गोंधळ होणार नाही.

मागच्या मे महिन्यात आईचं एक चिटाचं पोलकं माझ्या मुलीसाठी उघडलं. बाहेरून ते फिकं राखाडी झालं होतं, वर्षानुवर्षं वलणीवर उन्हात वाळलेलं. बगल उसवली आणि आतून दीड इंचाची निळी पट्टी निघाली, गडद, त्यावर लाल फुलं. ते पोलकं कधीकाळी या रंगाचं होतं हे मला माहीतच नव्हतं. जुना कपडा कोणत्या रंगाचा होता हे बघायचं असेल तर मायेतच बघावं लागतं.

पाटीपेन्सिल (रत्नागिरी)

सुईदोराताई, तुम्ही सहज ‘अंगाबेताचा’ लिहून गेलात, त्याबद्दल बोलायचं आहे. ‘बेतणे’ हे क्रियापद मला फार प्रिय आहे. कापड नुसतं कापत नाहीत, आधी बेततात: माप, कापडाचा पन्हा म्हणजे रुंदी, नक्षीची दिशा, सगळ्याचा मेळ घालून मग कातर लावतात. विलायती सूचनांमधला मांडून-आखून कापण्याचा सगळा भाग या एका शब्दात येतो. ‘कटिंग’ हा त्यातला शेवटचा टप्पा.

आणि ‘अंगाबेताचा’ याच्या समोर मुलांसाठी आपला दुसरा शब्द उभा आहे: ‘वाढत्या अंगाचा’. “वाढत्या अंगाचं शिवा हो” हे शिंप्याला सांगितलं की त्याला सगळं कळतं. किती सैल, किती लांब, माया किती, खाली दुमड किती. दुसऱ्या भाषेत हे सांगायला तीन-चार वाक्यं खर्ची पडतील. तुमच्या तक्त्यात पोरींच्या फ्रॉकसाठी हाच शब्द मथळा म्हणून घाला.

दर्यावर्दी (मालवण)

आमच्याकडे आजी म्हणायची, “वाढत्या आंगाचो झगो शिव.” फ्रॉक हा शब्द शाळेत आला, घरात झगोच. बाकी चर्चेत भर घालण्याइतकं मला शिवणातलं कळत नाही, पण वाचतोय.

सुईदोरा (देवगड)

काका, डोक्यावरचं ओझं उतरलं. म्हणजे तक्त्यात दोन रकाने: शिलाई आणि माया.

आता पुढचा अडसर. मुलींच्या जुन्या फ्रॉकला घेरावर खाली दोन-तीन आडव्या घड्या घालून टिपलेल्या असायच्या. मूल उंच झालं की एकेक घडी उसवायची. तिकडे त्याला जे नाव आहे त्याचा आपल्याकडे ‘टक’ झाला, पण मी ‘टक्स’ म्हटलं की मुली छातीजवळचे त्रिकोणी टक्स समजतात. ते टक्स वेगळे, कापडाला उभार देणारे.

कातर (सावंतवाडी)

बरोबर. आमच्या धंद्यात टक्स म्हणजे छातीचे किंवा कमरेचेच. त्या आडव्या घड्यांना ‘दुमड’ म्हणा. खालची काठाची दुमड वेगळी आणि घेरावरची वेगळी, म्हणून ‘वरची दुमड’, ‘खालची दुमड’. परकरालाही अशाच घालायचो. तीन इंच कापड खाणारी एक दुमड उसवली की परकर तीन इंचांनी उतरतो. दोन पावसाळे तरी निघतात.

फक्त हे सरळ घेरालाच जमतं. म्हणजे कापडाचा सरळ पट्टा घेऊन, कमरेला दोरा ओढून चुण्या घातलेला घेर. अंब्रेला घेराला जमत नाही. त्याची खालची कड गोल असते, रुंद दुमड घातली की आतल्या बाजूला कापड गोळा होतं. त्याला अर्धा इंचाची बारीक दुमडच बरी. शिवाय गोल घेरात काही भाग उभ्या धाग्यावर येतो, काही उरेप, म्हणजे तिरका. उरेप भाग आपल्या वजनाने खाली उतरतो. म्हणून अंब्रेला घेर एक दिवस टांगून ठेवावा, मग खालून सारखा करून दुमड घालावी. पोरींच्या फ्रॉकला चुण्यांचा सरळ घेर का असायचा, त्याचं एक कारण हेच: तो वाढवता येतो.

पाटीपेन्सिल (रत्नागिरी)

‘चुण्या’ आणि ‘निऱ्या’ यांचीही सरमिसळ नको. निऱ्या मोजून, एकावर एक, सारख्या घातलेल्या. चुण्या दोरा ओढून पडलेल्या, मोजमाप नसलेल्या. इस्त्रीची कडक घडी असलेल्या त्या ‘प्लेट’, शाळेच्या स्कर्टमुळे हा शब्द घरोघरी रुळलाय, तो बदलायच्या भानगडीत पडू नये.

तसंच ‘काज’. शुद्ध मराठी शोधायला जाऊ नका. तो पोर्तुगीज ‘काझा’वरून आला. त्या भाषेत त्याचा अर्थ घर, आणि बटणाचं भोकही. फ्रॉकच्या कमरेला बांधायची ‘फीत’ही तिकडचीच. वसई १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतली, पण शिवणाच्या डब्यातले शब्द आपल्याकडेच राहिले.

नवी मशीन (अलिबाग)

काका, एक शंका. मी कड उसवू नये म्हणून सगळीकडे आधी इंटरलॉक मारून घेते. मग माया राहते का?

कातर (सावंतवाडी)

राहते, पण सांभाळून. इंटरलॉकच्या मशीनला पातं असतं, ते कड कापत जातं. मायेच्या बाहेरच्या टोकालाच इंटरलॉक मारा, शिवणीला चिकटून नको. दुकानातल्या तयार कपड्यात शिवण आणि इंटरलॉक एकत्रच होतं, म्हणून उलटा करून बघितलात तर आत काहीच सापडत नाही.

पातळ वायलला मात्र माया कमी ठेवा, बाहेरून पट्टी दिसते. आणि सुती कापड बेतण्याआधी पाण्यातून काढा. पहिल्या धुण्यात आटलं तर ठेवलेली सगळी माया तिथेच संपते.

सुईदोरा (देवगड)

आज नातीचं माप घेतलं. छाती २२, तयार २४, शिलाई अर्धा, बगलेला माया एक, खाली दुमड तीन, वर एक दुमड दोनची. सरळ घेर, चुण्यांचा. वहीत वर ‘वाढत्या अंगाचा’ लिहिलंय.

कापड पाण्यातून काढून वलणीवर टाकलंय. वाळलं की बेतायला बसते.