डिमेन्शियाच्या फॉलोअपमधले रिकामे रकाने: मागचाच स्कोअर पुढे ओढायचा का?

डेटावाली
डिमेन्शियाच्या एका अभ्यासाचा डेटा माझ्याकडे आलाय. दर सहा महिन्यांनी एमएमएसई (स्मरण-आकलनाची ३० गुणांची चाचणी, गुण कमी म्हणजे आजार जास्त), सीडीआर (डिमेन्शिया किती तीव्र आहे याचं रेटिंग) आणि केअरगिव्हरची, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्याची मुलाखत, सगळं एक्सेलमध्ये. पहिल्या व्हिजिटला जवळजवळ सगळे आहेत, पुढे गळती वाढतच जाते. कुठे सेल रिकामा, कुठे ९९, कुठे चक्क ०. सर म्हणतात जे आले नाहीत त्यांचा शेवटचा स्कोअर पुढे ओढ आणि दोन गटांची तुलना करून टाक. मला पटत नाहीये पण का ते धड मांडता येत नाही. कुणी असं काम केलंय का?

सरासरी
पटत नाहीये ते बरोबरच आहे. हा आजार वाढत जाणारा आणि स्कोअर घसरत जाणारा, त्यात शेवटचा स्कोअर पुढे ओढला की माणूस यायचा थांबला त्या दिवशी त्याचा आजारही थांबला असं होतं. समजा एमएमएसई २२ वर असताना एखाद्या आजी यायच्या बंद झाल्या, तर दीड वर्षानंतरही त्या २२ वरच! मग ज्या गटातून लोक लवकर गळाले तोच गट बरा दिसायला लागतो, आणि औषधाच्या त्रासाने लोक सोडून जात असतील तर औषधच गुणकारी ठरतं, हे फार घातक आहे.

सगळ्या व्हिजिट पूर्ण केलेलेच फक्त घेणं हाही उपाय नाही, टिकून राहणारे बहुतेक वेळा मुळातच तब्येतीने बरे असतात.

मिक्स्ड मॉडेल लावा, म्हणजे एकाच माणसाच्या वारंवार मोजण्या एकत्र धरणारं सांख्यिकी मॉडेल. ज्याच्या जेवढ्या व्हिजिट झाल्या तेवढ्या वापरल्या जातात आणि प्रत्येकाचा घसरणीचा वेग वेगळा धरता येतो. वेळ म्हणून व्हिजिट नंबर नको, खरी तारीख घ्या. नंतर गळालेल्यांचा स्कोअर मॉडेलच्या अंदाजापेक्षा २-३ गुणांनी कमी धरून बघा, निष्कर्ष टिकतोय का.

रकानेवाला
मॉडेलच्या आधी ते ० आणि ९९ निस्तरा. एमएमएसई ३० च्या वर जात नाही म्हणून ९९ लगेच सापडेल, पण ० हा खरा स्कोअरही असू शकतो, त्यामुळे कागदी फॉर्म काढून एकेक ० तपासण्याला पर्याय नाही. अमेरिकेतल्या अल्झायमर केंद्रांच्या सामाईक डेटासेटमध्ये चाचणी का झाली नाही याचे वेगळे कोड आहेत: ९५ शारीरिक अडचण, ९६ आकलन किंवा वर्तनाची अडचण, ९७ इतर, ९८ नकार. यातला ९६ सोन्यासारखा, कारण चाचणी न जमणं हीच आजाराची माहिती आहे आणि रिकाम्या सेलमध्ये ती कायमची हरवते.

मूळ फाइलला हात लावू नका, दुरुस्त्या स्क्रिप्टमधून करा. पुढची एंट्री रेडकॅपवर (संशोधनाचा डेटा भरायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर) घेता आली तर बघा, तिथे सीडीआरच्या एकूण रेटिंगला ०, ०.५, १, २, ३ सोडून दुसरं काही टाकूच देऊ नका.

उतारवय
वारलेल्यांना गळालेल्यांत मिसळू नका. त्यांचा पुढचा स्कोअर राहून गेलेला नाही, तो अस्तित्वातच नाही. मृत्यूची तारीख वेगळ्या रकान्यात ठेवा, मग स्कोअर आणि मृत्यू दोन्ही धरणारं जॉइंट मॉडेल लावता येतं.

डेटावाली
थँक्यू सगळ्यांना. बऱ्याच फॉर्मवर पेन्सिलने ‘जमलं नाही’ लिहिलेलं सापडलं, त्यांना ९६ देतेय. सरांना दोन्ही पद्धतींचे निकाल शेजारी शेजारी दाखवणार आहे. एक राहिलंच, मध्येच केअरगिव्हर बदलला असेल तर?

रकानेवाला
प्रत्येक व्हिजिटला माहिती कुणी दिली, नातं काय, एकत्र राहतात का याचे रकाने करा. सून आणि नवरा एकाच माणसाबद्दल वेगळं सांगतात, मग सीडीआर बदलला तो आजाराने की सांगणाऱ्यामुळे हे नंतर कळायला मार्ग राहत नाही.