जुना गॅस ग्रिल घेतलाय, गंज आणि दमट हवेचं काय करावं?

खाडीकाठ
तीन बर्नरचा, प्रोपेनवर चालणारा जुना ग्रिल घेतलाय. राहायला अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला, म्हणजे समुद्र जवळ आणि हवा बारा महिने दमट. जाळ्या बिडाच्या आहेत, वर काळं इनॅमल (काचेसारखा भाजलेला लेप). दोन-तीन जागी टवके उडून गंज दिसतोय. झाकणाच्या आतून काळे पोपडे सुटतात, तो रंग आहे का? मधल्या बर्नरची ज्योत अर्धी पिवळी आणि मंद. आधीच्या मालकाने कायम कव्हर घालून ठेवला होता म्हणे, मग गंजला कसा? सगळ्यावर ओव्हन क्लीनर मारून मोकळा होऊ का?

बिडाचा तवा
ओव्हन क्लीनर आधी बाजूला ठेवा. त्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो आणि तो ॲल्युमिनियम खातो. बर्‍याच ग्रिलचं खालचं खोकं ओतीव ॲल्युमिनियमचं असतं. राखाडी, जाडसर ओतकाम असेल आणि चुंबक चिकटत नसेल तर तेच समजा. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि प्लास्टिकची खरवडणी पुरते. घट्ट बसलेल्या चरबीवर खायच्या सोड्याची दाट पेस्ट लावा, पंधरा-वीस मिनिटांनी पुसा.

झाकणाच्या आतले पोपडे बहुतेक वेळा रंगाचे नसतात. ती धूर आणि चरबीची जळून साचलेली काजळी. खरवडून काढा, नाहीतर नेमकी जेवणावर पडते. आत रंग मारायच्या फंदात पडू नका.

जाळ्यांवर तारेचा ब्रश नको. इनॅमल आणखी उडतं, शिवाय सुटलेली तार मांसाला चिकटून घशात गेल्याचे प्रकार अमेरिकेत डॉक्टरांनी नोंदवलेले आहेत. टवक्यांपुरती व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी अर्धा तास ठेवा, घासा, धुवा, लगेच कोरडं करा. अख्खी जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली तर आम्ल इनॅमलखाली शिरतं आणि चांगलं बीडही कुरतडतं. टवके हाताला लागून सुटत असतील तर जाळीच बदला.

जेट आणि ज्योत
पिवळी ज्योत म्हणजे गॅसमध्ये हवा कमी मिसळतेय. पहिला संशय कोळ्यावर! बर्नरच्या नळीच्या तोंडाशी तो जाळं करतो आणि हवेची वाट अडते. अडलेला गॅस मागे फिरून नळीच्या तोंडाशीच पेटू शकतो, म्हणून हे काम टाळू नका.

सिलिंडर बंद करून सोडवा. बर्नरचा स्क्रू किंवा पिन काढा, बर्नर उचला. नळीतून लांब लवचिक ब्रश दोन्ही बाजूंनी फिरवा. वरची भोकं ब्रशने आडवी घासा, बुजलेल्या भोकात बारीक तार घाला, पण ड्रिल नको: भोक मोठं झालं की ज्योत बिघडते. गंजून दोन भोकांचं एक झालं असेल तर बर्नर बाद. परत बसवताना नळीचं तोंड जेटवर (गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीवर) नीट चढलंय ना ते बघा. इथेच बहुतेकांची चूक होते.

मग गळती तपासा. नॉब बंद, सिलिंडर उघडा, साबण आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून होजच्या (गॅसच्या रबरी नळीच्या) सांध्यांवर आणि रेग्युलेटरवर लावा. बुडबुडे वाढले तर सिलिंडर बंद. होजला चिरा असतील तर टेप नको, नवाच होज घ्या.

सगळं करूनही तिन्ही ज्योती मंद राहिल्या तर बहुधा रेग्युलेटरने गॅस रोखून धरलेला असतो. सगळं बंद करा, सिलिंडर सोडवून मिनिटभराने जोडा, झडप सावकाश उघडा आणि मगच नॉब फिरवा.

अलिबागची हवा
कव्हरचं उत्तर सोपं आहे: कव्हर पाऊस अडवतं, दमटपणा कोंडून ठेवतं. कोमट किंवा ओला ग्रिल झाकला की आतून घाम सुटतो. त्यात मीठ लागलेली चरबी ओल धरून बसते, म्हणून गंज चरबी गोळा होणाऱ्या ट्रेच्या कडेला आणि स्क्रूंपाशी सुरू होतो. कव्हर जमिनीपासून चार बोटं वर संपणारं, बाजूला हवेची झडप असलेलं घ्या. ऊन पडलं की काढून ठेवा. आमच्याकडे पावसाळ्यात हेच करावं लागतं, शिवाय जाळ्या आणि ट्रे घरात.

स्टीलला चुंबक लावून बघा. घट्ट चिकटलं तर बहुधा ४३० जातीचं स्टेनलेस स्टील, खार्‍या हवेत लवकर डाग धरणारं. महिन्यातून दोनदा गोड्या पाण्याने पुसून कोरडं करा. ब्लीच आणि लोखंडी काथ्या दोन्ही नकोत. काथ्याचे कण स्टीलवर राहून तेच गंजतात. पायांच्या गंजाला ८० आणि मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, वर उष्णतारोधक स्प्रेचे दोन-तीन पातळ हात, फक्त बाहेरून.

खाडीकाठ
जाळ्यांना तेल कोणतं? आणि सिलिंडर गॅरेजमध्ये चालेल?

बिडाचा तवा
कॅनोला किंवा जवसाचं. लावून परत पुसून काढा, जाळी कोरडी दिसली पाहिजे; जाड थर चिकट होतो आणि धूळ धरतो. झाकण लावून २०० ते २३० अंश सेल्सिअसवर पाऊण तास तापवा. उघडं बीड असेल तर असं तीनदा. इनॅमल शाबूत असेल तिथे नुसता तेलाचा हात पुरे.

जेट आणि ज्योत
गॅरेज नाही. सिलिंडर कायम बाहेर, उभा, सावलीत. तळाच्या कड्याला ओल लागते, म्हणून खाली दोन विटा ठेवा.